तीन दशांश सेकंद आधी

पाखराचं पुढचं चाक डळमळायच्या बरोबर तीन दशांश सेकंद आधी पद्मजाच्या पोटात गोळा आला.

आधी गोळा, मग चाक. कच्छच्या रणात उभारलेल्या त्या तंबूत आता कुणालाच याचं नवल उरलं नव्हतं. गोळा आला, पद्मजाच्या डोक्यावरच्या तारांच्या टोपऱ्यानं तो टिपला, अकरा किलोमीटर लांब मिठावरून सुसाट निघालेल्या मोटरसायकलच्या दोन्ही अंगांचे तळहाताएवढे पंख कणभर कलले, आणि डळमळायला निघालेलं चाक नुसतं शहारून सरळ झालं. पडद्यावरचा आकडा नऊशे चाळीसवरून नऊशे बावन्नवर गेला. आत पालथा निजून गाडी हाकणाऱ्या इंद्रजितला काही कळलंसुद्धा नाही.

“बघा,” इलाहीचाचा शिकलगार चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाले. “ठेच पाखराला लागणार आणि कळ हिच्या पोटात. आमच्या म्हशीला भूकंपसुद्धा एवढा आधी कळत नव्हता.”

“चाचा, मला म्हैस म्हणालात?”

“मान दिला की गं. म्हैस म्हणजे साधी असती व्हय?”

पाखरू हे नाव चाचांनीच ठेवलेलं. बैलगाडा शर्यतीत ज्या बैलाचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटतं, त्याला कोल्हापूरकडं पाखरू म्हणतात. हे पाखरू साडेआठ मीटर लांब होतं, दाभणासारखं निमुळतं. चाकं दोनच, एकामागे एक, अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कातलेली. ती चाचांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये चार महिने खपून केली होती. इंजिनाची धडधड नाही, सगळा विजेचा कारभार. आवाज फक्त फाटणाऱ्या वाऱ्याचा. दोन चाकांवर जमिनीवरून ताशी नऊशे चौऱ्याऐंशी किलोमीटर, हा एका परदेशी चमूचा विक्रम दोन वर्षं टिकून होता. हजाराला अजून कुणीच शिवलेलं नव्हतं. उद्यमनगरातली अकरा माणसं, एक ट्रक आणि एक डॉक्टरीणबाई हजाराला शिवायला इथं आली होती.

अडचण वेगाची नव्हती. मोटर हवा तेवढा वेग देत होती. अडचण माणसाची होती. ताशी हजार म्हणजे सेकंदाला दोनशे ऐंशी मीटर. डोळ्यांना दिसलेलं हातापर्यंत पोचायला चांगल्या पोरालाही सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात पाखरू छप्पन्न मीटर पुढं गेलेलं असतं, आणि मिठाच्या एखाद्या खपलीवर चाक डोललं असेल तर सावरायला काही शिल्लक उरलेलं नसतं. संगणकाकडं सुकाणू द्यायला नियमांची मनाई होती. गाडीला मिळणारा प्रत्येक हुकूम जिवंत माणसाच्या मज्जासंस्थेतून आलेला असावा, असं नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं. कुठल्या माणसाच्या, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं होतं.

हे राहून गेलेलं सापडलं डॉक्टर वसुधा टिपणीस यांना, आणि तेही दुसरंच काही शोधताना.

पद्मजा त्यांच्याकडं पहिल्यांदा गेली ती झोप येत नाही म्हणून. जुई तेव्हा दीड वर्षाची होती. जुईचा श्वास चालू आहे ना, हे बघायला पद्मजा तासातासाला उठायची. नाकाखाली बोट धरायची. बोटाला वारा लागला तरी तो आपलाच भास असेल म्हणून परत धरायची. द्राक्षं चार फोडी करूनच द्यायची, शेंगदाणे घरातून हद्दपार, टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज. नवरा म्हणाला, एकदा दाखवून ये कुणाला तरी. टिपणीस मॅडम नव्या आयांच्या मेंदूचा अभ्यास करत होत्या. त्यांनी पद्मजाच्या डोक्यावर तारांची मऊ टोपी चढवली. हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली ती टोपी बघून पद्मजा हसली, “हे तर जुईचं टोपरं.” तेच नाव पडलं.

आणि टोपरं डोक्यावर असतानाच एक दिवस तिनं फोनवर धाकट्या भावाचा सराव लावला. इंद्रजित एका जुन्या धावपट्टीवर दोनशेच्या वेगानं गाडी पळवत होता. तो पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. पण मॅडमच्या पडद्यावर पद्मजाच्या मेंदूतली रेघ तो पडण्याच्या आधीच ताडकन उठली होती. गाडी डोलायच्याही आधी.

“म्हणजे मला पुढचं दिसतं?” पद्मजानं घाबरून विचारलं होतं.

“पुढचं बिढचं काही नाही,” मॅडम म्हणाल्या. “दूध उतू जायच्या आधी तुम्ही गॅसपाशी पोचता की नाही?”

“पोचते.”

“घड्याळ बघून?”

“नाही. असंच.”

“असंच नाही. पातेल्याचा आवाज बदलतो, वास बदलतो, वाफेची ऊब बदलते. शंभर बारीक गोष्टी. त्या तुम्हाला कळल्या हे तुम्हाला कळत नाही, पण पायांना कळतं. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक गाठ असते, तिचं हे काम. मूल झालं की आईची ती गाठ नव्यानं बांधली जाते, जास्त तिखट होते. आणि मग ती फक्त मुलापुरती राहत नाही. जे जे आपलं म्हणून मनात धरलंय, त्या सगळ्याची राखण करायला लागते.” पुढं मॅडमनी याला नाव दिलं पूर्वधसका. काही घडायच्या आधी, घडणार याची खूण पटून बसणारा धसका. धसका आणि घटना यांच्यामधल्या वेळाला त्या अवधी म्हणायच्या. पद्मजाचा अवधी होता शून्य पूर्णांक एकतीस शतांश सेकंद.

यंत्राला हे का शिकवता आलं नाही? यंत्र शिकतं ते पडण्यातून. हजार वेळा पडलं की एकदा उभं राहतं. आणि त्या वेगाला पडलेली माणसं हजार सोडा, सात होती, आणि त्यातलं एकही परत आलं नव्हतं. आईचं डोकं न पडताच शिकतं. तिच्या डोक्यात मूल रोज दहादा पडत असतं.

इंद्रजित तिचा भाऊ, पण आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि पद्मजा पंधराची. त्याला शाळेत सोडणं, त्याच्या केसातला गुंता, त्याचा दमा, सगळं तिच्याकडं. झोपेत त्याचा श्वास कधी अडकणार, ते तिला आधी कळायचं. त्यामुळं मॅडमनी भीत भीत विचारलं तेव्हा पद्मजा लगेच हो म्हणाली. नाहीतरी तंबूबाहेर उभं राहून घाबरायचंच होतं. ते घाबरणं कामाला तरी येईल.

रणात येऊन आता अठरा दिवस झाले होते. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं. पद्मजा खुर्चीत बसायची; पाखराची थरथर जशीच्या तशी त्या खुर्चीत उतरायची, कानात वारा आणि इंद्याचा श्वास, डोळ्यांपुढं त्याला दिसणारं मीठ. आणि जुई तंबूभर फिरायची. एकदा ती ट्रकमागच्या रॅम्पवरून चढून वर गेली आणि फाळक्याच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या फळीच्या, उघड्या बाजूच्या कडेवर जाऊन उभी राहिली. साडेचार फूट उंची. खाली सिमेंटसारखं मीठ. तिनं एक पाय उचलला आणि आईकडं बघितलं. पद्मजा तोंडातून शब्दही न काढता नुसती तिच्याकडं बघत उठली, आणि जुईनं पाय मागं घेतला.

“पाहिलंत?” मॅडम म्हणाल्या. “तिनं खाली नाही पाहिलं. तुमच्या चेहऱ्याकडं पाहिलं. या वयाची मुलं कडेवर आली की खोली स्वतः मोजत नाहीत. आईचा चेहरा वाचतात. तिथं धसका दिसला की थांबतात. टोपरं मी आत्ता शोधलं, त्यांच्याकडं ते पहिल्यापासून आहे.”

पद्मजाला ते फार आवडलं. संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलंही.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नाही. पहिल्या सरावाच्या रात्री ती गाढ झोपली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. जुईच्या नाकाखाली एकदाच बोट धरलं आणि सकाळच झाली. दुसऱ्या सरावानंतर बोट धरायची आठवणच राहिली नाही.

मॅडमनी सगळ्या मिळून सहा बैठका ठरवून दिल्या होत्या. पण त्या दोन दिवस भुजला गेल्या आणि पोरांना रान मोकळं मिळालं. पाखरू असं लोण्यासारखं पळताना कुणी बघितलं नव्हतं. “अजून एक, तायडे,” इंद्या म्हणायचा, “एकच. वारा पडलाय बघ.” चाचा म्हणायचे, “चाक तापलंय तोवर घे.” कोल्हापुरी माणसाला एकदा नाद लागला की सहा आणि सोळा यात फार फरक राहत नाही. आणि पद्मजानंही कधी नको म्हटलं नाही. तिला रात्रीची झोप दिसत होती.

विक्रमाच्या दिवशी सकाळी मॅडमनी अवधी मोजला आणि चष्मा काढून पुसला.

“बावीस शतांश. अठ्ठावीसच्या खाली जायला नको होता. किती वेळा बसलात?”

पद्मजानं बोटांवर मोजलं. “चौदा.”



“कमी होतोय म्हणजे मी बरीच होतेय ना मॅडम?” पद्मजानं हळूच विचारलं. “मला झोप लागते आता.”

“तुम्हाला आजार कधी नव्हता. जरा जास्त राखण होती, एवढंच.” मॅडमनी तिच्यासमोर स्टूल ओढलं. “ऐका. धसका बसला आणि वाईट काही घडलं, तर धसका वाढतो. धसका बसला आणि काहीच घडलं नाही, तर तो झिजतो. म्हणून तर आपण विहिरीशेजारी राहायला गेलो की महिन्याभरात विहिरीची भीती जाते. इथं तुम्ही भिता आणि पंख लगेच सावरतात. भ्यायलं, काही नाही झालं. भ्यायलं, काही नाही झालं. एका धावेत चारशे वेळा. साध्या आईची दहा वर्षांत झिजणार नाही एवढी भीती तुमची दोन मिनिटांत झिजते.”

“आज पुरेल?”

“दहा शतांशाच्या खाली गेला तर पंखांना हलायला वेळ मिळणार नाही. आजच्या दोन धावा पुरायला हव्यात.”

दोन धावा, कारण विक्रम तसाच मोजतात. एकदा जायचं, दोन तासांच्या आत उलट्या दिशेनं परत यायचं, आणि दोन्हींची सरासरी. वाऱ्याची फुकटची मदत धरायची नाही.

पद्मजानं घरून आणलेल्या पुडीतलं मीठ आणि सात मिरच्या मुठीत घेऊन पाखरावरून आणि इंद्यावरून दृष्ट काढली.

“अख्ख्या रणात मीठ,” इंद्या हेल्मेटमधून म्हणाला, “आणि आमची तायडी मूठभर कोल्हापूरहून घेऊन येती.”

“गप बस. दृष्टीचं मीठ घरचंच लागतं.”

“किती वाजता जेवायला येऊ?”

“जाऊन ये आधी.”

आणि पाखरू सुटलं.

पहिले काही क्षण काहीच वाटत नाही. एक पांढरी रेघ पांढऱ्यावरून सरकते. मग खुर्ची गुणगुणायला लागते, दोनशे, तीनशे, कानातला वारा शिट्टीवरून किंकाळीवर जातो, पाचशे, आणि पोटातले गोळे सुरू होतात, बारीक, मटकीएवढे, एकामागून एक, आणि प्रत्येकाला उत्तर म्हणून कुठंतरी लांब एक पंख हलतो. सातशे. इंद्याचा श्वास लयीत. आठशे. पद्मजानं खुर्चीचे हात धरले होते आणि ती हसत होती. तिला आता ती कुठं संपते आणि गाडी कुठं सुरू होते ते सांगता आलं नसतं. नऊशे. नऊशे ऐंशी. मोजणीच्या किलोमीटरची लाल निशाणं आली आणि गेली, म्हणजे आली म्हणेपर्यंत गेलेलीच होती.

“तीन पॉइंट पंचावन्न सेकंद,” वेळ मोजणारा ओरडला. “एक हजार चौदा.”

चाचांच्या हातून चहाचा ग्लास पालथा झाला तरी त्यांना कळलं नाही. कुणीतरी हलगी आणलीच होती, ती कडाडली. चोवीस किलोमीटर लांबून इंद्याचा धापा टाकणारा आवाज आला, “तायडे, ह्यो हजार लई मऊ हाय गं. लोण्यागत.”

त्या गोंधळात मॅडम एकट्याच पडद्याकडं बघत होत्या. अवधी तेरा शतांश. एका धावेत नऊ गेले होते.

हिशेब सगळ्यांनाच करता येत होता. दुसऱ्या धावेत अर्ध्या वाटेच्या आतच तो दहाच्या खाली जाणार, म्हणजे नेमका मोजणीच्या किलोमीटरच्या तोंडाशी. पुढच्या दोन दिवसांत अवकाळी पावसाचा अंदाज होता. मिठात पाणी शिरलं की मोसम संपला.

“मग टोपरं नकोच,” इंद्या रेडिओवरून म्हणाला. पलीकडं पाखरू फिरवून उभं होतं, बॅटऱ्या बदलणं चालू होतं. “हातानं सावरतो मी.”

“छप्पन्न मीटर, इंद्रजित,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, नुसती जायची बाजू घेऊन घरी गेलो तर उद्यमनगरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. म्हणतील, पोरगं गेलं आणि परत यायला लाजलं.”

“इंद्या, आपण पुढच्या वर्षी येऊ,” पद्मजा म्हणाली.

तिकडून फक्त श्वास आला. तो श्वास तिला ओळखीचा होता. सहा वर्षांचा इंद्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर उभा राहून उडी मारायच्या आधी असाच दोनदा आत ओढायचा आणि मग कुणाचं ऐकायचा नाही. टोपरं असो वा नसो, तो येणार होता.

पद्मजा उठून मॅडमपाशी गेली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “जुईला मांडीवर घेऊन बसले तर?”

मॅडमनी मान वर केली. म्हणजे त्यांच्याही मनात ते येऊन गेलं होतं.

“वाढेल,” त्या म्हणाल्या. “मूल अंगाला लागलं की गाठ पूर्ण जागी होते. तेराचे पंचवीस होतील. कदाचित तीस.”

“मग?”

“मग ते इंद्रजितच्या वाट्याचं नसेल. विहीर एकच आहे, पोहरे दोन. वरचं पाणी आपण उपसलं. आता तळाचं निघेल, ते तिच्यासाठीचं आहे.”

“परत भरते?”

“मला माहीत नाही. इतकी उपसून कुणी बघितलेली नाही.” मॅडमचा हात टोपऱ्याकडं गेला. “मी तुम्हाला अडवायला हवं.”

पण त्यांचेही डोळे चमकत होते, आणि त्यांची बोटं टोपऱ्याचा बंद सैल करून परत बांधायलाच लागली होती.

पद्मजानं जुईकडं पाहिलं. ती एका नटाला बोल्ट लावायचा प्रयत्न करत होती. गिळण्याएवढा लहान नट नव्हता तो, हे पद्मजानं दुरूनच मोजलं होतं. इंद्या पंचवीस मिनिटांनी निघणार. झिजलेली भीती कशी असते ते तिला चौदा सरावांतून माहीत होतं. गाढ झोप, हलकं अंग. भाऊ गेला तर काय असतं तेही तिला माहीत होतं. आई गेली तेव्हा बघितलं होतं. यात निवडण्यासारखं तिला काही दिसेना. “ये गं,” ती म्हणाली, आणि जुईला उचलून खुर्चीत बसली.

पडद्यावर रेघ चढली. पंधरा. बावीस. एकतीस. पहिल्या दिवसाएवढी.

“अल्ला,” चाचा म्हणाले, “पोरीत बॅटरी हाय काय?”

दुसरी धाव. जुईचं डोकं पद्मजाच्या हनुवटीखाली, केसांना तेलाचा आणि मिठाचा वास. खुर्ची गुणगुणली तशी जुईही गुणगुणायला लागली. चारशे, सहाशे, गोळे सुरू झाले, पण आताचे मटकीएवढे नव्हते, लिंबाएवढे होते, आणि पंख त्यांना असे झटझट उत्तर देत होते की पाखरू जमिनीवर आहे हे फक्त आकड्यांवरून कळत होतं. नऊशे. या वेळी वारा समोरून होता आणि तरी आकडा थांबेना. नऊशे नव्वद. एक हजार. एक हजार वीस. कुणी श्वास घेत नव्हतं. हलगीवाल्याची काठी वरच राहिली होती.

मोजणीच्या निशाणांच्या अलीकडं, सकाळच्या धावेत जिथं मिठाची साल निघाली होती, तिथून खालची ओल वर आली होती. ताटाएवढा एक करडा डाग. कुणाच्या डोळ्यांना तो दिसला नाही. पद्मजाच्याही नाही. पण जुई जन्मली तेव्हा सात सेकंद रडली नव्हती. ते सात सेकंद पद्मजाच्या आत कुठंतरी जसेच्या तसे पडून होते, आणि ते आता सगळेच्या सगळे एकदम वर आले. तिनं जुईला इतकं घट्ट आवळलं की जुई कळवळली. पंख पुरते कलले. पुढचं चाक डागावरून गेलं, पण त्याचा भार तोवर मागं गेला होता. पाखरू अर्धा क्षण एका चाकावर तरंगलं, हळूच टेकलं, आणि निशाणांमधून सुईसारखं निघून गेलं.

“तीन पॉइंट एकोणपन्नास. एक हजार एकतीस.”

तंबूत कोण कुणाला मिठी मारतंय ते कळेना. चाचा मटकन खाली बसले आणि तिथंच रडायला लागले. चार तास दाबून ठेवलेला गुलाल उधळला गेला आणि रणाचं पांढरं पाच पावलांपुरतं गुलाबी झालं.

पद्मजा खुर्चीतच होती. आत फार शांत झालं होतं. घरातला पंखा बंद पडल्यावर होते तशी शांतता. चालू होता हे बंद झाल्यावरच समजतं. तिनं टोपरं काढलं, जुईचा मुका घेतला, तिला खाली सोडलं. मुका घेताना प्रेम वाटलं, भरभरून वाटलं. ते तपासून तिला बरं वाटलं.

पाखरू तंबूपाशी आणलं गेलं. पोरांनी इंद्याला खांद्यावर घेतलं, गुलालात न्हाऊ घातलं. “तायडे,” तो वरून ओरडत होता, “पुढच्या वर्षी अकराशे. बसशील ना?”

“बसेन की,” पद्मजा म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडं वळून पाहिलं. इतकं सहज उत्तर त्यांना अपेक्षित नसावं.

तेवढ्यात पद्मजाला जुई दिसली. ती रॅम्पवरून चढून फाळक्यावर गेली होती आणि बाजूच्या उघड्या कडेवर उभी होती. पद्मजा चार पावलांवर होती. ही पडेल, असं तिच्या मनात आलं. आज मंगळवार आहे, असं यावं तसं आलं. साडेचार फूट, खाली टणक मीठ, डोकं आधी लागेल, सगळं तिला ठाऊक होतं. ती गोळ्याची वाट बघत राहिली. पायांना तोच उठवायचा. तो आला नाही.

जुईनं एक पाय उचलला आणि नेहमीसारखं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. लेक छान दिसत होती, गुलालानं गाल रंगलेले. पद्मजा तिच्याकडं बघून हसली.

जुईही हसली आणि तिनं पाय पुढं टाकला.

इंद्यानं खांद्यांवरून उडी मारली. दुपारी बारा किलोमीटर एका मिनिटात कापलेल्या माणसाला बारा पावलं कापायची होती, आणि ती त्याला जमली नाहीत. तो पोचला तेव्हा जुई मिठावर पालथी पडलेली होती. त्यानं तिला उलटं केलं. हनुवटी फुटली होती. ती उठून बसली, ओठ थरथरले, रडायला तोंड उघडलं, आणि किती रडायचं ते बघायला तिनं आईकडं पाहिलं.

पद्मजा येत होती, हळूहळू, चेहरा शांत ठेवून. “लागलं का गं बाळा?” तिनं विचारलं. आवाजात माया होती.

जुईनं उघडलेलं तोंड मिटलं.

“तायडे,” इंद्या म्हणाला, “तुला दिसत होतं ना?”

“दिसत होतं रे,” पद्मजा म्हणाली. तिनं पदरानं रक्त टिपलं. मग जरा आठवल्यासारखं करून मॅडमना विचारलं, “अशा वेळी टाके घालावे लागतात का हो?”

मॅडम जुईकडं बघत होत्या. इंद्याच्या हातातून सुटून ती उभी राहिली होती. हनुवटीवरचा थेंब तिनं फ्रॉकला पुसला आणि ती परत रॅम्प चढायला लागली. या वेळी तिनं वळून आईच्या चेहऱ्याकडं पाहिलंही नाही.